संशयाचा फायदा बंदुकीला, मग मताला का नाही?

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं बंदूकवाल्यांचं: "बंदूक विकत घ्यायला ओळखपत्र लागतं, मग मत द्यायला दाखवलं तर काय बिघडतं?" दुसरं त्यांच्या विरोधकांचं: "टेक्सासमध्ये बंदुकीच्या परवान्यावर मत देता येतं, विद्यापीठाच्या ओळखपत्रावर येत नाही. यातच काय ते आलं." दोन्ही वाक्यं टाळ्या मिळवणारी आहेत, दोन्ही अर्धी खरी आहेत आणि दोन्हींमुळे वाद जिथल्या तिथे राहतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मतदान केंद्रावर ओळख पटवायला सांगणं हा मुळात अन्याय नाही. कागद अपुरा पडला, नाव जुळलं नाही, संगणकाने उत्तर दिलं नाही, तर त्याचा भुर्दंड नागरिकाने सोसायचा की सरकारने, हा खरा प्रश्न आहे. आणि गंमत अशी की या प्रश्नाचं बरंचसं शहाणं उत्तर बंदूकधारकांनी स्वतःपुरतं कायद्यात लिहून घेतलेलं आहे.

टेक्सासपासून सुरुवात करू, कारण उदाहरण म्हणून ते राज्य दोन्ही बाजू वापरतात. तिथे 2011 साली एसबी 14 हा कायदा झाला आणि 2013 च्या जूनमध्ये, मतदान हक्क कायद्यातली केंद्राच्या पूर्वपरवानगीची अट (टेक्साससारख्या काही राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी ती घ्यावी लागे) सर्वोच्च न्यायालयाने निकामी केल्यावर, तो अमलात आला. तोवर मतदार नोंदणीचं साधं कागदी कार्ड पुरत असे. आता फोटो असलेली सात कार्डं ठरली: ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचं वैयक्तिक ओळखपत्र, राज्याने मोफत द्यायचं निवडणूक ओळखपत्र, हँडगन बाळगण्याचा परवाना, लष्करी ओळखपत्र, फोटो असलेलं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट. मतदान केंद्रातल्या टेबलावर होतं ते असं. कर्मचारी कार्डावरचं नाव यादीतल्या नावाशी ताडून बघतो. तंतोतंत जुळलं नाही पण बरंचसं सारखं असलं, तर 'मी तोच मतदार आहे' अशा मजकुराखाली मतदाराने सही करायची. पत्ता जुळायची गरज नाही, फक्त घर बदललंय का एवढं विचारतात. आणि हँडगनचा परवाना टेबलावर ठेवणाऱ्याने हँडगन मात्र बाहेर गाडीत ठेवून यायचं असतं. मतदानाच्या दिवशी, तसंच आगाऊ मतदान चालू असताना, केंद्राच्या आवारात शस्त्र आणणं हा टेक्सासमध्ये गंभीर गुन्हा आहे. परवाना असला तरी.

नाव न जुळण्याचं प्रकरण हे गरिबांचं आणि अडाण्यांचं, असं मानायची पद्धत आहे. 2013 च्या नोव्हेंबरात, हा कायदा लागू झाल्यावरच्या पहिल्याच राज्यव्यापी मतदानात, अशी सही करावी लागलेल्यांत ग्रेग अ‍ॅबट आणि वेंडी डेव्हिस हे दोघंही होते. म्हणजे पुढच्या वर्षी गव्हर्नरपदासाठी एकमेकांविरुद्ध लढलेले दोन उमेदवार! यादीत एक रूप आणि लायसन्सवर दुसरं, एवढंच कारण. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईला हे सांगायला नको.

आता विद्यार्थ्यांच्या कार्डाचा मुद्दा. इथे कायद्याच्या समर्थकांचं म्हणणं मला पुष्कळसं पटतं. हँडगनचा परवाना राज्याचं सार्वजनिक सुरक्षा खातं देतं, त्यासाठी बोटांचे ठसे घेतले जातात, पार्श्वभूमी तपासली जाते. कॉलेजचं कार्ड छापतं कॉलेज, प्रत्येकाचा नमुना निराळा. टेबलावर बसलेल्या, एका दिवसापुरत्या नेमलेल्या कर्मचाऱ्याने खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे ओळखायचं कसं? प्रश्न रास्त आहे. पण अडचण नमुन्याचीच असेल तर नमुना ठरवून देता येतो. विस्कॉन्सिनने तेच केलं: कार्डावर दिल्याची तारीख हवी, दोन वर्षांच्या आतली मुदत हवी, सही हवी. (बहुतेक कॉलेजांची नेहमीची कार्डं त्यात बसेनात, म्हणून मतदानापुरती वेगळी कार्डं छापावी लागली. हा उपद्व्याप झालाच, पण दार बंद तरी झालं नाही.) दुसरा युक्तिवाद मात्र अगदीच लंगडा आहे. विद्यार्थ्यांत परदेशी असतात, कार्डावरून नागरिकत्व कळत नाही, असं सांगतात. हँडगनच्या परवान्यावरून तरी कुठे कळतं? ग्रीन कार्डवर राहणाऱ्या, नागरिक नसलेल्या माणसालाही टेक्सासचा हा परवाना मिळू शकतो. ड्रायव्हिंग लायसन्सचंही तेच. नागरिकत्वाचा प्रश्न नोंदणीच्या वेळी सुटायचा असतो. टेबलावर फक्त यादीतलं माणूस आणि समोरचं माणूस एकच आहे का, एवढं बघायचं असतं. हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतवले की वाद हवा तितका लांबवता येतो.

ओळखपत्राच्या बाजूचे भक्कम मुद्दे टाळून पुढे जाणं बरं नाही. एक, लोकांना ही अट हवी आहे. 2024 च्या गॅलप पाहणीत 84 टक्के अमेरिकनांनी फोटो ओळखपत्राला पाठिंबा दिला, आणि एवढी संख्या एका पक्षाची असूच शकत नाही. दोन, 2008 साली क्रॉफर्ड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने इंडियानाचा असाच कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी उचलून धरला, आणि मुख्य निकालपत्र लिहिलं ते उदारमतवादी गोटातल्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी. तीन, आणि हा सगळ्यांत जड मुद्दा, की या कायद्यांनी मतदान घसरतं हे आकड्यांत नीट दिसत नाही. एन्रिको कॅन्टोनी आणि व्हिन्सेंट पॉन्स यांनी 2008 ते 2018 या काळातली देशभरची आकडेवारी तपासून 2021 साली जे मांडलं त्याचा मथितार्थ असा: कडक ओळखपत्र कायद्यांमुळे नोंदणीवर किंवा मतदानावर लक्षणीय विपरीत परिणाम झालेला आढळत नाही. 'लाखोंचा मताधिकार हिरावला' अशी आरोळी ठोकणाऱ्यांनी हा अभ्यास गिळून पचवायला हवा.

पण त्याच अभ्यासाचं दुसरं निरीक्षण पहिल्या बाजूलाही गिळावं लागेल. मतदानातल्या गैरप्रकारांवरही या कायद्यांचा परिणाम दिसला नाही. दिसणार कसा? टेबलावरचं फोटो ओळखपत्र एकाच प्रकारची लबाडी पकडतं: दुसऱ्याच्या नावावर स्वतः जाऊन मत देणं. क्रॉफर्डच्याच निकालपत्रात नोंद आहे की इंडियानाच्या इतिहासात असा एकही प्रकार घडल्याचा पुरावा न्यायालयापुढे आला नव्हता. जस्टिन लेव्हिट या कायद्याच्या प्राध्यापकाने 2000 ते 2014 या काळातली शंभर कोटींहून अधिक मतं धरून विश्वासार्ह म्हणता येतील अशी प्रकरणं शोधली, ती 31 निघाली. म्हणजे मोठ्या आकड्यांत या अटीने फारसं बिघडत नाही आणि फारसं सुधारतही नाही. मग उरतं काय? उरतो टेबलापासून परत पाठवला गेलेला एकेक माणूस.

त्या माणसाकडे नीट बघायचं तर जिम राइट यांचं उदाहरण घ्या. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे माजी सभापती, वय 90, टेक्सासचेच. 2013 च्या नोव्हेंबरात मतदानाच्या आधीच्या शनिवारी ते ओळखपत्र काढायला गेले. जवळ होतं 2010 साली मुदत संपलेलं ड्रायव्हिंग लायसन्स आणि विद्यापीठाचं प्राध्यापकाचं कार्ड. दोन्ही नामंजूर. त्या वेळच्या नियमाने मुदत संपून 60 दिवसांपर्यंतचंच कार्ड चालत होतं. सोमवारी जन्माचा दाखला घेऊन ते पुन्हा गेले, ओळखपत्र मिळालं, मंगळवारी मतदान. त्यांना फाइलमधला दाखला शोधून काढता आला. ज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात आहे, किंवा ज्याच्या काउंटीत खात्याचं कार्यालय आठवड्यातून ठरावीक दिवशीच उघडतं, त्याचं काय? टेक्सासमध्ये 254 काउंट्या आहेत आणि गाडी न चालवणारा माणूस लायसन्सच्या कार्यालयापर्यंत जाणार कसा, हा प्रश्न हास्यास्पद वाटला तरी तिथे तो खरा आहे. 2014 साली संघीय न्यायाधीश नेल्व्हा गोन्झालेस रामोस यांनी मान्य केलेला अंदाज असा होता की नोंदणी झालेल्या 6,08,470 मतदारांकडे त्या सातांपैकी एकही कार्ड नव्हतं. राज्याने मोफत ओळखपत्राची सोय केली होती ना? केली होती. खटल्याच्या वेळेपर्यंत तशी 279 ओळखपत्रं दिली गेली होती.

आता बंदुकीच्या दुकानात जाऊ, कारण तुलना त्यांनीच सुरू केली आहे. परवानाधारक विक्रेत्याकडे ग्राहकाने फॉर्म 4473 भरायचा. सरकारी फोटो ओळखपत्र हवं, मुदतीतलं हवं, त्यावर नाव, जन्मतारीख आणि राहता पत्ता हवा. पोस्टबॉक्स चालत नाही. घर बदललं असेल आणि लायसन्सवर जुनाच पत्ता असेल, तर नवा पत्ता दाखवणारा दुसरा सरकारी कागद जोडायचा. दुकानातून माघारी फिरायला लावणाऱ्या चुका बहुतेक याच जागी होतात. मग विक्रेता एफबीआयच्या तपासणी यंत्रणेकडे नाव पाठवतो. उत्तर तीनांपैकी एक: पुढे जा, थांबा, नाही. इथवर बंदूकवाल्यांचं म्हणणं खरं आहे, दुकानातली छाननी टेबलावरच्या छाननीपेक्षा कडकच आहे. (एकाच राज्यात राहणाऱ्या दोन खाजगी व्यक्तींच्या व्यवहाराला संघीय कायदा ना फॉर्म मागतो ना ओळखपत्र, ही गोष्ट ते घोषणेत घालत नाहीत. बरीच राज्यं आपापल्या कायद्याने मागतात, हेही खरं.)

पण उत्तर 'थांबा' असं आलं तर? समजा, त्याच नावाचा, त्याच वयाचा कुणी गुन्हेगार यंत्रणेत आहे आणि संशय फिटत नाही. कामकाजाचे तीन दिवस सरकारला मिळतात. तेवढ्यात सरकारने काहीच कळवलं नाही, तर संघीय कायद्याने विक्रेता बंदूक देऊ शकतो. 1993 च्या ब्रेडी कायद्याने घालून दिलेली ही चौकट आहे. 2022 पासून 21 वर्षांखालच्या ग्राहकांसाठी ही मुदत दहा कामकाजी दिवसांपर्यंत लांबू शकते, एवढाच फरक. नकार आला तर कारण मागता येतं आणि ते पाच कामकाजी दिवसांत द्यावं लागतं. अपील करता येतं, त्याला 60 दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. नामसाधर्म्याचा त्रास वारंवार होत असेल तर एकदाच अर्ज करून स्वतःचा ओळख क्रमांक घेता येतो. पुढच्या वेळी फॉर्मवर तो लिहिला की तोच गोंधळ पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. सरकारला वेळेत संशय फेडता आला नाही तर त्याचा फायदा नागरिकाला, हे या सगळ्याचं सूत्र.

आणि मतदाराला? टेक्सासमध्ये कार्ड घरी विसरलं तर तात्पुरती मतपत्रिका भरून द्यायची आणि सहा दिवसांच्या आत काउंटीच्या कार्यालयात जाऊन कार्ड दाखवायचं. नाही गेलात तर मत बाद. घड्याळ तेच, पण टिकटिक नागरिकाच्या अंगावर. सरकारने काही शोधायचं नाही, काही कळवायचं नाही. गप्प बसलं की सरकार जिंकलं. 'बंदुकीला जो नियम तोच मताला' असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य खरंच शेवटपर्यंत नेलं, तर तीन कामकाजी दिवसांत काउंटीने संशय सिद्ध केला नाही तर मत मोजलं गेलं पाहिजे. ही अट कुठल्या बंदूकवाल्याने मागितली आहे?

इथे दुसऱ्या बाजूचा माणूस उठून म्हणेल, बंदुकीने माणूस मरतो, मताने नाही, तुलनाच चूक. याचं वजन मी नाकारत नाही. 2015 साली चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ जणांचा जीव घेणाऱ्याच्या हातात पिस्तूल आलं ते तपासणी तीन दिवसांत पुरी न झाल्यामुळेच. पण हा मुद्दा नेमका कुणाच्या बाजूने जातो? चूक जिवावर बेतू शकते तिथे जर नागरिकाला संशयाचा फायदा देतात, तर चुकीची किंमत लाखोंतलं एक मत असते तिथे तो का देऊ नये? शिवाय बंदूक आज नाही तर पुढच्या आठवड्यात घेता येते. मतदानाचा मंगळवार एकदाच येतो.

इतिहास पाहिला तर या दोन हक्कांच्या गळ्याला नख लावणारे हात एकच होते. गुलामगिरी संपल्यावर 1865 साली मिसिसिपीने कायदा केला की मुक्त झालेल्या काळ्या माणसाने काउंटीच्या बोर्डाच्या परवान्याशिवाय शस्त्र बाळगायचं नाही. त्याच मिसिसिपीच्या 1890 च्या संविधानाने मतदाराकडून दोन डॉलर कर मागितला आणि राज्यघटनेचं कलम वाचून किंवा ऐकून 'समजल्याचं' दाखवायला लावलं. समजलं की नाही, हे ठरवणार नोंदणी अधिकारी! पहिल्या नियमात वंशाचं नाव उघड होतं, दुसऱ्यात ते नव्हतं, पण दोन्हीकडे युक्ती एकच: निर्णय काउंटरमागच्या माणसाच्या मर्जीवर. लुइझियानातल्या कोलफॅक्सला 1873 च्या ईस्टरच्या रविवारी वादग्रस्त निवडणुकीवरून काळ्या माणसांचं हत्याकांड झालं. त्या खटल्यात मताचा हक्क आणि शस्त्राचा हक्क एकाच आरोपपत्रात शेजारी शेजारी होते, आणि 1876 साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा उलटवल्या तेव्हा दोन्ही एकदमच निराधार झाले. 1956 साली माँटगोमेरीत घरावर बाँब पडल्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग यांनी शस्त्राचा परवाना मागितला. नाकारला गेला. देणं न देणं अधिकाऱ्याच्या हातात होतं.

हा इतिहास बंदूकवाले आवर्जून सांगतात, आणि बरोबर सांगतात. नॉर्थ कॅरोलिनात पिस्तूल घ्यायला शेरीफची परवानगी लागायची, अर्जदाराची नैतिक वर्तणूक चांगली आहे असं शेरीफला वाटायला हवं. 1919 चा हा कायदा 2023 च्या मार्चमध्ये गव्हर्नरचा नकाराधिकार झुगारून रद्द झाला, तेव्हा तो जिम क्रो काळातला, म्हणजे दक्षिणेतल्या वर्णभेदी कायद्यांच्या काळातला, आणि काळ्या अर्जदारांना जाचणारा आहे, हा समर्थकांचा ठळक युक्तिवाद होता. त्याच राज्याचा 2013 चा मतदान कायदा काळ्या मतदारांना 'जवळजवळ शस्त्रक्रियेच्या अचूकतेने' गाठतो, असं संघीय अपील न्यायालयाने 2016 साली म्हटलं तेव्हा याच गोटातून विचारलं गेलं की नियम सगळ्यांना सारखा असताना भेदभाव कसला? आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

2022 च्या ब्रूएन निकालात सर्वोच्च न्यायालयाने घराबाहेर पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठीची न्यूयॉर्कची 'योग्य कारण दाखवा' ही अट मोडीत काढली. घटनादत्त हक्क वापरण्याआधी सरकारी अधिकाऱ्यापुढे खास गरज सिद्ध करायला लावणारा दुसरा कुठलाही हक्क आम्हाला ठाऊक नाही, असा त्याचा आशय. पण त्याच निकालाच्या तळटीपेत एक वाक्य आहे जे मतदान हक्कवाल्यांनी पाठ करून ठेवायला हवं: वस्तुनिष्ठ निकषांवर दिले जाणारे परवाने चालतील, मात्र लांबलेली प्रतीक्षा किंवा अवाच्या सवा फी यामुळे सामान्य नागरिकाचा हक्कच मारला जात असेल तर त्यालाही आव्हान देता येईल. टेक्सासने 2017 साली हँडगन परवान्याची फी 140 डॉलरवरून 40 वर आणली ती काही उगाच नाही. हक्कावर दर लावू नये हे बंदूकवाल्यांना चांगलं कळतं. व्हर्जिनियातला दीड डॉलरचा मतदान कर 1966 साली रद्द झाला तोही याच तर्काने.

बंदूकधारकांच्या वाट्याला मतदान केंद्रावर मर्जीचा अनुभव येत नाही असंही नाही. मिनेसोटात मतदान केंद्रात राजकीय मजकुराचे कपडे घालायला बंदी होती, आणि तिथे एका मतदाराला अंगातल्या टी-शर्टवरून अडवलं गेलं. त्यावर 'माझ्यावर पाय देऊ नका' हे जुनं घोषवाक्य होतं, आणि छातीवर बिल्ला होता 'कृपया माझं ओळखपत्र तपासा'. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सुनावणीत न्यायमूर्ती अलिटो यांनी राज्याच्या वकिलाला विचारलं, शर्टवर संविधानाच्या दुसऱ्या, म्हणजे शस्त्राच्या हक्काच्या, घटनादुरुस्तीचा मजकूर छापला असेल तर? बंदी लागू होईल, असं उत्तर आलं. आणि पहिल्या, म्हणजे भाषणस्वातंत्र्याच्या, दुरुस्तीचा? तो चालेल. तिथेच खटला हरल्यात जमा होता. 2018 साली सात विरुद्ध दोन मतांनी बंदी रद्द झाली, कारण काय चालेल हे दारातल्या कर्मचाऱ्याच्या अंदाजावर सोडलं होतं. शर्टाच्या बाबतीत जे ज्यांना इतकं स्वच्छ दिसलं, त्यांना ते टेबलावरच्या कागदांच्या बाबतीत दिसू नये?

टेक्सासला हे न्यायालयाने दाखवून दिलं. 2016 पासून, आणि 2017 च्या एसबी 5 ने कायमचं, सातांपैकी एकही कार्ड नसलेल्याला प्रतिज्ञापत्र भरून मत देता येतं: प्रवासाची सोय नाही, आजारपण, कामाची वेळ, जन्माचा दाखला नाही, कार्ड हरवलं, अशी कारणं छापलेलीच असतात, एकावर खूण करायची आणि वीजबिल, बँकेचं पत्रक किंवा पगाराची चिठ्ठी दाखवायची. कारण पटतं की नाही हे कर्मचाऱ्याने विचारायचं नाही. खोटं लिहिलं तर तुरुंग, जसा फॉर्म 4473 वर. मुदत संपलेलं कार्डही चार वर्षांपर्यंत चालतं, सत्तरी गाठलेल्यांना कितीही जुनं. म्हणजे ओळखपत्र मागायचं आणि माणूसही परत पाठवायचा नाही, हे जमतं. त्यासाठी राज्याचं काही बुडालं नाही.

आणि जमवून झाल्यावर त्याच राज्याने टपाली मतदानात पुन्हा तेच केलं. 2021 च्या एसबी 1 ने टपाली मतपत्रिकेच्या लिफाफ्यावर ओळख क्रमांक मागितला: लायसन्सचा किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे. नोंदणीच्या वेळी दिलेला क्रमांक यंत्रणेत एक आणि लिफाफ्यावर दुसरा, की मतपत्रिका नामंजूर. क्रमांकाची चौकट लिफाफ्याच्या पट्टीखाली होती, ती कित्येकांना दिसलीच नाही. 2022 च्या मार्चमधल्या, पक्षांचे उमेदवार निवडण्याच्या प्राथमिक फेरीत टपाली मतपत्रिकांपैकी सुमारे 12 टक्के बाद झाल्या. टेक्सासमध्ये टपाली मतदान मुख्यत्वे 65 च्या पुढच्यांना मिळतं, म्हणजे हा फटका कॉलेजच्या पोरांना बसलेला नाही. आणि टेबलावर बिनतक्रार चालणारा हँडगनचा परवाना त्या लिफाफ्यावर चालत नाही. त्याच्या क्रमांकासाठी तिथे चौकटच नाही.